आता एक माझ्यासाठी

काष्टीच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे कानिफनाथांचा, माझ्या नवऱ्याचा. मी लाइट लावते, प्रिंट कापते आणि ह्यांनी पळवून लावलेली गिऱ्हाइकं परत बोलावून आणते. पळवून लावण्यात ह्यांचा हातखंडा आहे. पोरीचा रंग जरा उजळून द्या म्हटलं, की हे विचारणार, मग पोरगी कशाला आणलीत, चुना लावलेली भिंतच आणायची होतीत. मेलेल्या दादांना कोट-टाय जोडून द्या म्हटलं, की हे म्हणणार, जन्मभर मोकळ्या गळ्याने फिरले, आता वर गेल्यावर कशाला आवळताय? मग मी मागे धावायचं.

पण ह्यांना खरी चीड येते ती आधार कार्डाची. आमच्याकडे माणूस गेलं, की घरचे आधार घेऊन येतात आणि त्यावरचा नखाएवढा फोटो दशक्रियेसाठी मोठा करून मागतात. आता आधारवर भला माणूससुद्धा पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो. जन्मभर हसत राहिलेली म्हातारी मग नातवंडांकडे भिंतीवरून डोळे वटारून बघत बसते. हे म्हणतात, असं कुणाला लटकावून ठेवणं म्हणजे पाप आहे.

म्हणून ह्यांनी एक रीत पाडली. कुणी म्हातारं माणूस पेन्शनच्या कागदासाठी फोटो काढायला आलं, की तो झाल्यावर हे म्हणणार, “बसा. आता एक माझ्यासाठी.” मग घाई नाही. गाईची चौकशी, सुनेची चौकशी, लग्नात कोण रुसलं होतं त्याची चौकशी. बोलता बोलता समोरचं माणूस कॅमेरा विसरतं, तेव्हा हे बटण दाबतात. त्याचे पैसे नाहीत. फोटो कॉम्प्युटरमध्ये राहतो, आणि पुढे कधी ते माणूस गेल्याचं कळलं, की हे फ्रेम करून स्वतः दशक्रियेला घेऊन जातात. नदीवर प्रवचन चालू असतं, हे मधूनच जाऊन आधारचा फोटो उचलतात आणि आपला ठेवतात. घरचे आधी बघत राहतात आणि मग नव्याने रडतात.

माझ्या आईचाही तसाच काढलेला आहे. ह्यांनी तिला विचारलं होतं, नानांशी पहिलं भांडण कशावरून झालं, आणि आईने, म्हणजे छबूबाईंनी, तोंडाला पदर लावून जे हसू दाबलं ते तसंच फोटोत आलं. त्यानंतर काही महिन्यांत ती गेली. साखरेने किडन्या खाल्ल्या होत्या, त्यात कॅमेऱ्याचा काय दोष? नाना, म्हणजे माझे वडील सूर्यभान, रोज त्या फोटोसमोर ताट घेऊन बसतात.

गेल्या वर्षी मात्र ह्यांनी फोटो काढलेली काही म्हातारी माणसं पाठोपाठ गेली. आधीच पिकली पानं ती, पण बाजारात बोलायला तोंडं मोकळीच असतात. कानिफ ज्याला ‘आता एक माझ्यासाठी’ म्हणतो त्याचं वर बोलावणं येतं, असं लोक म्हणायला लागले. भाजी विकणारी साळूबाई आमच्याकडे आली होती, ह्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं मात्र, बाई स्टुलावरून अशी उठली की चपला आतच राहिल्या. त्या मीच तिच्या पाटीपाशी नेऊन दिल्या आणि घरी येऊन पोट धरून हसले. मी पदवीधर बाई. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

मग नानांच्या छातीत दुखायला लागलं. नगरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितलं, तारीख दिली. नगरला जायचं त्या दिवशी नाना पिशवी घेऊन आधी स्टुडिओत आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, धुतलेली टोपी. कुणी बसा म्हणायच्या आधीच स्टुलावर बसले आणि ह्यांना म्हणाले, “पाव्हणं, छबूसारखा माझा बी एक काढा. म्होरं काय हुतंय काय म्हाईत.”

माझी सगळी पदवी तिथेच गळून पडली. मी म्हणाले, लाइट बिघडलाय. नानांच्या समोरच तो ढणाढणा जळत होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कॅमेऱ्याला झाकण लावलं. नाना टोपी नीट करत उठले, बरं, ऱ्हाऊ द्या म्हणाले, आणि पिशवी उचलली. एवढं आवरून आलेला माणूस तसाच उठला. तरी मी हो म्हटलं नाही.

आतल्या खोलीत ह्यांना सांगितलं, की तुम्ही फोटो काढलात आणि नानांना काही झालं, तर जन्मभर मी तुमचं तोंड बघणार नाही. हे म्हणाले, “आणि काढला नाही, आणि काही झालं तर?” उत्तर नसलं की मी चिडते, तशी चिडले आणि नानांना नि ह्यांना घेऊन नगरची गाडी गाठली.

ऑपरेशनला नानांना आत नेलं तेव्हा माझ्या हातात त्यांची टोपी आणि आधार कार्ड होतं. बाकावर बसून मी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा आठवायला लागले. येईना. येत होता तो आधारवरचाच, घाबरलेला, डोळे तारवटलेला. मी पुन्हा मिटले. नानांच्या कपाळावर एक तीळ आहे, तो डाव्या बाजूला की उजव्या? ज्या बापाच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितल्या, त्याचा तीळ मला आठवेना. मी ह्यांना विचारलं.

“डाव्या भुवईच्या वर,” हे लगेच म्हणाले. “हसले की भुवईत लपतो.”

मला रडू फुटलं. निदान माझ्या नकळत तरी काढायचा होतात, म्हणून मी ह्यांच्यावरच उखडले. माझा रागही असाच, कुठूनही निघाला तरी शेवटी नवऱ्याकडेच जातो.

“तू नको म्हणालीस ना,” हे म्हणाले. “आणि चोरून काढलेला चेहरा मी कुणाचाच ठेवत नाही.”

मी मनात कबूल करून टाकलं, की नाना एकदा बाहेर येऊ देत, मग मी काहीही मानणार नाही, कुणाचं काही ऐकणार नाही. डॉक्टर आले आणि म्हणाले, सगळं नीट झालं, म्हातारं हाड चिवट आहे. मी तिथेच फरशीवर बसले आणि हसायला लागले. अंगावरून कुणी गव्हाचं पोतं उचलून घ्यावं तसं हलकं वाटलं. हे आमच्या दोघांसाठी चहा आणायला गेले आणि दारात उभे राहून दोन्ही कप स्वतःच प्यायले. तेव्हा कळलं, की हा माणूसही किती घाबरला होता.

टाके सुकले, नाना हिंडायला-फिरायला लागले आणि एका बाजाराच्या दिवशी काठी टेकत स्टुडिओत आले. ह्या वेळी स्टूल मी पुसलं. दारात दोन-चार बाया थबकल्या, साळूबाईही पाटी खाली ठेवून बघत उभी राहिली. बघू देत, म्हटलं. मी ह्यांना सांगितलं, नानांचा काढा, कागदासाठी नको, तुमचा तो काढा.

ह्यांना चौकशा करायची वेळच आली नाही. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “रेश्मे, आज लाइट हाय का?”

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला रडावं की हसावं कळेना, मी दोन्ही केलं. माझी ती तऱ्हा बघून नाना गालातल्या गालात हसले, आणि ह्यांनी बटण दाबलं.

फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला तेव्हा आता नाना चेष्टा करतील असं मला वाटलं. ते मात्र वाकून जवळ गेले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग त्यांनी छातीवर हात ठेवला. छातीत दुखतंय का, म्हणून मी घाबरून त्यांचा हात धरला.

“ह्यो म्या न्हाई,” ते म्हणाले. “ह्यो माझा बाप हाय.”

माझे आजोबा गेले तेव्हा नाना लहान होते. आजोबांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता, हे मला ठाऊक होतं. नाना पडद्यावरची नजर न काढता सांगत होते, की आधी बापाचा आवाज विसरला आणि मग तोंडवळा. शेतात बांधावर बसून कितीदा डोळे मिटले, पण बाप कधी दिसला नाही. मी त्यांचा हात तसाच धरून ठेवला. डोळे मिटून न दिसणं म्हणजे काय, ते नगरच्या बाकावर मला कळलं होतं.

ह्यांनी खुर्ची आणून नानांच्या मागे ठेवली आणि स्वतः बाजूला झाले. नाना बसले. मी पुढे होऊन दाराचा पडदा ओढून घेतला. बाहेरून साळूबाईने विचारलं, म्हातारा बरा हाय ना.

“बरे आहेत,” मी म्हणाले. “त्यांचे वडील आलेत. तुम्ही जरा थांबा.”