डाव्या चाकाच्या पोटात

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, कारण माझी जागा कुणाच्या नजरेला पडणारी नाही. मी एक जुना बेअरिंग आहे. पिंपळगाव राजाच्या पुंजाजींकडे एक निळी फियाट मोटार आहे. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकात आम्ही दोघे भाऊ असतो. एक बाहेरचा लहान, एक आतला मोठा. डाव्या चाकातला आतला तो मी.

माझी रचना साधी आहे. एका पोलादी कड्यात दुसरं कडं, आणि मधे निमुळत्या दाण्यांची रांग. आतलं कडं गाडीच्या आसावर स्थिर बसतं. बाहेरचं कडं चाकाबरोबर फिरतं. मधले दाणे लोळत राहतात, म्हणून लोखंड लोखंडाला खात नाही. कारखान्यात मी भट्टीत तापलो, तेलात विझलो, मग घासून घासून असा चकाकलो की तपासणाऱ्या बाईंना माझ्यात स्वतःचा चेहरा दिसला. नंतर मला ग्रीस भरलं आणि चाकात घातलं. माझ्या पाठीशी ग्रीस अडवणारं सील, पुढे लहान भाऊ, त्याच्यापुढे नट, नटाला पिन, आणि वरून एक पत्र्याची टोपी ठोकली. आमच्या भोवती ब्रेकचा ड्रम उपड्या पातेल्यासारखा बसला. त्या दिवसापासून मी अंधारात आहे.

मला रस्ता दिसत नसे, पण कळत असे. नांदुऱ्याचा रस्ता खडखडत यायचा, वडनेर भोलजीच्या बाजाराचा दिवस सामानाच्या वजनावरून ओळखू यायचा. पुंजाजींच्या पत्नी विमलबाई नेहमी पुढे डाव्या बाजूला, म्हणजे बरोबर माझ्यावर बसायच्या. त्या बसल्या की पुंजाजींच्या बाजूला कललेली गाडी सरळ व्हायची. पुंजाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला इंजिनाचा आवाज ऐकवत, हॉर्न वाजवून दाखवत. बेअरिंग किती छान फिरतो, असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नसे. बेअरिंगची आठवण झाली म्हणजे समजावं की तो बिघडला.

मग त्यांच्या मुलाने नवी उंच गाडी घेतली आणि तो नोकरीसाठी अकोल्याला गेला. फियाट गोठ्यात गेली. सात वर्षं ती एका जागी उभी होती. मित्रांनो, चालत्या चाकात बंद असणं वेगळं आणि थांबलेल्या चाकात बंद असणं वेगळं. चालताना सगळ्या दाण्यांवर पाळीपाळीने भार येतो. इथे सात वर्षं तोच भार त्याच चार दाण्यांवर होता. ग्रीस वाळून मेणासारखं झालं. ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे पट्टे, गंजून ड्रमला चिकटले. बाहेर म्हशी यायच्या, जायच्या, त्यांना वासरं व्हायची. मी तसाच होतो.

मागच्या वर्षी विमलबाईंच्या कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांना उंच पायरी चढता येईना. मुलाच्या गाडीत त्या बसू शकत नव्हत्या, एसटीचं तर नावच नको. वर्षभर त्या घराच्या चौकटीबाहेर पडल्या नाहीत. अशात बुलढाण्याहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, कौशल्याबाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा गोपाल त्यांना कायमचं सुरतेला नेणार होता. रविवारी दुपारी चारला निघायचं ठरलं होतं. दोघी सत्तरीच्या पुढच्या. आता भेट झाली नाही तर पुढे होईलच, असं दोघींपैकी कुणीही म्हणालं नाही.

"फियाटमध्ये बसता येते मले," विमलबाई म्हणाल्या. "तिची सीट खाली हाय. आधी बसायचं, मंग पाय आत घ्यायचे."

शुक्रवारी सकाळी पुंजाजींनी गावातल्या जब्बार मिस्त्रींना बोलावलं. दोघांची दोस्ती जुनी. जब्बारभाईंनी नवी बॅटरी लावून इंजिन सुरू केलं, मग गाडी ढकलून पाहिली. तीन चाकं फिरली, माझं फिरेना.

"पुंजाजीभाऊ, सात वर्सांत एक डाव चाक फिरवलं नाही?"

"मले वाटलं, उभी हाय म्हंजे आराम करून राह्यली."

"माणूस सात वर्सं खाटेवर पडला तर त्याले आराम म्हणता का?"

घरातून विमलबाईंचा आवाज आला, "जब्बारभाई, तिचं झालं का माह्या कंबरेले बी हातोडी लावून पाहा!"

जब्बारभाईंनी गाडी उचलून खाली ठोकळे दिले. चाक काढलं. ब्रेक ढिले केले, कडेकडेने डिझेल सोडलं आणि लाकडी हातोडीने ड्रमवर चहूकडून हलके ठोके दिले. तासाभराने ड्रम निघाला. मग टोपी निघाली, पिन निघाली, नट निघाला, आणि मी बाहेर आलो.

काय सांगू तुम्हाला! त्यांनी मला डिझेलमध्ये धुतलं, फडक्याने पुसलं आणि उन्हाकडे धरलं. मला प्रथम त्यांची पांढरी दाढी दिसली, मग गोठ्याचं छप्पर, मग छपराच्या पलीकडचं आभाळ. त्यांनी बोटाने मला हळूच फिरवलं आणि डोळे मिटून हाताने आवाज ऐकला.

"हा आतला अजून चांगला हाय," ते म्हणाले. "बाहेरच्याले खड्डे पडले. तो नवा टाकतो."

जब्बारभाई नांदुऱ्याहून नवा बेअरिंग आणेपर्यंत दोन तास मी एका जुन्या वर्तमानपत्रावर उन्हात पडून होतो. खरं सांगतो, मला परत आत जायचं नव्हतं. पण बेअरिंगला कोण विचारतं? जब्बारभाईंनी तळहातावर ग्रीस घेऊन माझ्या दाण्यादाण्यांत दाबून भरलं, पण आम्हा दोघा भावांमधली पोकळी जवळजवळ मोकळीच ठेवली. नवं सील लावलं. नवा लहान भाऊ बसवला. नट आधी घट्ट केला, चाक जिच्यावर चढतं ती बैठक फिरवून पाहिली, आणि मग नट थोडा मागे घेतला.

"हे काय, ढिला केला?" पुंजाजी म्हणाले.

"थोडी जागा ठेवा लागते भाऊ. चालून चालून लोखंड गरम होते, फुगते. त्याले फुगाले जागा पाहिजे."

"हाव," पुंजाजी म्हणाले. पण त्या "हाव"मध्ये होकार नव्हता.

तेवढ्यात जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली. जब्बारभाईंनी हात धुतले. "टोपी मी आल्यावर ठोकतो. तवर कशालेच हात लावू नका," असं बजावून ते गेले.

पुंजाजी एकटे माझ्यासमोर बसले. मित्रांनो, ते वाईट माणूस नव्हेत. त्यांच्या घराची एक रीत होती. घरातली बाई दमणीत बसून माहेरी निघाली की बैलगाडीच्या आखाला एवढं वंगण भरायचं, की ते बाहेर ओघळलं पाहिजे. कोरड्या आखावर बायकामाणसाला पाठवायचं नाही. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं, त्यांनीही केलं होतं. आता वर्षानंतर विमलबाई निघणार होत्या, आणि ह्या मिस्त्रीने पोकळी मोकळी ठेवली होती. वर नट असा की हाताने फिरत होता!

त्यांनी नट काढला. डबा आणला. पोकळीत ग्रीस कोंबलं, इतकं की मला श्वास उरला नाही. मग नट चढवला, पान्याला लांब पाइप लावला आणि सगळा जोर देऊन आवळला. माझे दाणे दोन्ही कड्यांमध्ये चेपले गेले. त्यांनी पिन घातली, टोपी ठोकली, ड्रम आणि चाक चढवलं आणि गाडी खाली उतरवली.

जब्बारभाई परत आले. "हे काय, सगळं लावलं बी?"

"म्हटलं, तुहं काम हलकं करू."

जब्बारभाई क्षणभर चाकाकडे पाहत राहिले. गाडी परत उचलून चाक फिरवून पाहावं, असं त्यांच्या मनात आलं असावं. पण दोस्तावर अविश्वास कसा दाखवायचा? ते हसले आणि चहा प्यायला बसले. पुंजाजींनी ग्रीसचं आणि नटाचं काही सांगितलं नाही.

रविवारी अकराला विमलबाई निघाल्या. आधी बसल्या, मग पाय आत घेतले. नवी साडी, मांडीवर बहिणीसाठी डबा. चाक फिरू लागलं तसा मी तापू लागलो. फुगायला जागा नव्हती. मोताळ्यापर्यंत मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं ग्रीसमध्येच बुडत होतं. मग ते ग्रीस पातळ झालं, सील ढकलून मागे सरकलं आणि ड्रमच्या आत, ब्रेकच्या शूंवर पसरलं. मला सगळं कळत होतं आणि एक कणही हलवता येत नव्हता.

राजूरचा घाट जवळ आला.

"आवो, काही जळून राह्यलं," विमलबाई म्हणाल्या.

"कोणाच्या वावराचा धुरा जळत असन."

"धुऱ्याचा नाही हा वास. वंगणाचा हाय. मी काय दमणीत कधी बसली नाही का?"

"घाट चढून वर थांबू ना."

"आत्ता थांबवा! नाहीतर मी दार उघडते."

पुंजाजींनी ब्रेक दाबला. उजव्या चाकाने पकडलं, डावं मात्र ग्रीसवर घसरलं. गाडीचं तोंड एकदम उजवीकडे वळलं, आणि समोरून एसटी येत होती. कर्कश हॉर्न वाजला. एसटी कडेला उतरली, धूळ उडाली, आणि आमची गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी थांबली.

"ओ आबा, मराचं हाय का?" एसटीचा ड्रायव्हर ओरडून गेला.

पुंजाजींनी हळूहळू गाडी एका चहाच्या टपरीजवळ कडेला घेतली. उतरून चाकाच्या टोपीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. बोटांना चटका बसला होता.

फोन केल्यावर जब्बारभाई मोटरसायकलवर तासाभरात आले. टपरीवाल्याने खुर्ची दिली. दोघांनी धरून विमलबाईंना खुर्चीत बसवलं. चाक निघालं, ड्रम निघाला. आतून काळं ग्रीस थपथप खाली पडलं. जब्बारभाईंनी ते बोटावर घेतलं.

"हे ग्रीस माहं नाही."

पुंजाजी खाली मान घालून उभे होते.

"मीच भरलं," शेवटी ते म्हणाले. "नट बी मीच आवळला. तुले सांगतलं नाही."

"बापा! तिले दमणी समजले का तुम्ही?" विमलबाई म्हणाल्या.

जब्बारभाई रागावले नाहीत. "चूक माही बी हाय. मी गाडी उचलून पाहाले पाहिजे होती. पण आता हे शू गेले, अन् आज रविवार, दुकानं बंद. नवे टाकल्याबिगर मी गाडीले घाट चढू देत नाही."

"चार वाजता ती जाईन, जब्बारभाई."

"वैनी, चढाले गाडी चढन. खाली येताना मात्र रस्त्यानं येणार नाही."

विमलबाईंनी डबा मांडीवर घट्ट धरला आणि घाटाकडे पाहिलं. वर्षानंतर त्या बाहेर पडल्या होत्या, आणि आता एका खुर्चीत अडकल्या होत्या. त्यांना अडकवणारा मी होतो. जब्बारभाईंनी चाकाची बैठक ओढून काढली, पण माझं आतलं कडं तापून आसाला असं चिकटलं की मी दाण्यांसकट तिथेच राहिलो. उघडा, निळा-काळा पडलेला. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पुंजाजी थोडे दूर गेले, परत आले, आणि सगळ्यांसमोर त्यांनी फोन लावला. "गोपाल, मी तुहा मावसा बोलतो. गाडी मी बिघडवली. मीच. आमी घाटाखाली टपरीपाशी थांबलो. सुरतेले जाताना याच रस्त्यानं उतरसान ना? तुह्या आईले घडीभर इथं उतरव. तुही मावशी रस्त्यावर बसली हाय बाबू."

साडेचारला एक पांढरी गाडी घाट उतरून आली. कौशल्याबाई काठी टेकत उतरल्या.

"किती वाळली वं तू!"

"अन् तू कोणती फुगली!"

टपरीवाल्याने दुसरी खुर्ची आणली. दोघी माझ्यासमोर, काढलेल्या चाकाच्या शेजारी बसल्या. डबा उघडला. रोहिणखेडच्या माहेरच्या विहिरीत लहानपणी कुणी कुणाची घागर पाडली, यावर दोघी भांडल्या. मग बराच वेळ हातात हात धरून बसल्या. गोपाल दोनदा घड्याळ पाहून गेला आणि तिसऱ्यांदा स्वतःच चहा घेऊन आला.

निघताना कौशल्याबाई म्हणाल्या, "सुरतेले ये वं."

"कशानं येऊ? मले दुसऱ्या गाडीत बसताच येत नाही."

"मंग हिनंच ये. सुधरव हिले."

विमलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "येते," त्या म्हणाल्या.

जब्बारभाईंनी ग्रीस खरवडलं, शू पेट्रोलने पुसले, बैठक परत चढवून नट ढिला ठेवला, आणि आम्ही बैलांच्या चालीने घरी आलो. पुढे मोटरसायकल, मागे आम्ही. पोचायला रात्र झाली.

आता गाडी पुन्हा गोठ्यात ठोकळ्यांवर आहे. जब्बारभाईंनी खामगावहून नवे शू आणि माझ्या जागी बसायला नवा बेअरिंग आणला आहे. पण मी आसावरून निघत नाही. दोनदा ओढून झालं. उद्या ते छिन्नी आणणार आहेत. माझं कडं एका जागी कापून फोडायचं, आसाला ओरखडा न पडता. पुंजाजी बाजूला बसून फक्त दिवा धरणार आहेत. त्यांनी तसं स्वतःच सांगितलं आहे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. उभ्या वस्तूला अधूनमधून हलवत जा, ती आराम करत नसते. ज्याच्या हाती काम दिलं, त्याच्या मागून हात लावू नका. आणि लावलाच, तर तो चहा प्यायला बसायच्या आधी त्याला सांगा. सांगायला लाज वाटते, ते मला ठाऊक आहे. पण त्या लाजेपायी एक म्हातारी बाई घाटावरून खाली गेली असती.

आणि जब्बारभाई, तुम्ही छिन्नी लावाल तेव्हा माझी कीव करू नका. मी फुटेन तेव्हाच विमलबाईंचं चाक फिरेल. घाव सरळ घाला.