टाके दोन्ही रांगांना

उंदराच्या मेंदूवर तिळाएवढी एक गाठ असते, पिनिअल ग्रंथी. तिळाएवढी! आणि त्या तिळापायी संशोधिकेची तीन वर्षं गेली. बरं, हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. ऑपरेशनमध्ये मोठ्या बहिणीचे बीजकोश काढले आणि तिची झोपच उडाली. डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे." अहो, चाळिशीत कसलं आलंय वय? अंधार पडला की झोपेचं रसायन सोडायचं काम याच ग्रंथीचं. बीजकोश गेल्यावर या ग्रंथीत काही बिघडतं का, हे हिला बघायचंच होतं.

एकाच आठवड्यात जन्मलेल्या चाळीस उंदरी घेतल्या. वीस जणींचे बीजकोश काढले. उरलेल्या विसांना तुलनेसाठी नुसतं कापून परत शिवलं. यावरून ती आपल्या मार्गदर्शक सरांशी कडाकडा भांडली होती. "काही काढायचंच नाही, तर बिचाऱ्यांना फाडायचं कशाला?" सर ऐकतायत कुठले!

आज सूक्ष्मदर्शकाखाली फरक लख्ख दिसला. बीजकोश काढलेल्यांच्या ग्रंथीतल्या पेशी चांगल्याच फुगल्या होत्या. तिने आनंदाने पिंजरे सांभाळणाऱ्या काकांना बोलावलं. काकांनी डोळा लावला, काही कळलं नाही तरी मान डोलावली.

"गुणाच्या होत्या हो. ऑपरेशननंतर रोज रात्री टॉर्च घेऊन बघून यायचो. राहवायचं नाही."

रात्री उजेड पडला की ही ग्रंथी काम थांबवते. मग पेशी फुगल्या त्या बीजकोश गेल्यामुळे, की काकांच्या टॉर्चमुळे?

"काका, टॉर्च कोणत्या पिंजऱ्यांवर मारायचात?"

"सगळ्या. दोन्ही रांगांवर. टाके तर सगळ्यांनाच होते ना? कोणाचं काय काढलंय, ते तुम्ही मला थोडंच सांगितलं होतं!"

उजेड दोन्ही रांगांवर सारखाच पडला होता. ज्या टाक्यांवरून ती भांडली, त्यांनीच तिला वाचवलं. टॉर्चची गोष्ट तिने वहीत जशीच्या तशी लिहिली. सर म्हणाले, "रात्री पूर्ण अंधार ठेवून पुन्हा करा." ती लगेच हो म्हणाली.

मग तिने बहिणीला फोन लावला. "ताई, माणसांचं अजून माहीत नाही. पण माझ्या उंदरींचं तरी वयाचं नव्हतं गं. सगळ्या एकाच वयाच्या होत्या."

ताई म्हणाली, "हे डॉक्टरांना सांगशील?"