रविवारचा आकडा

माझ्या लेकीने वहीत वाटाण्याचं रोप दहा दिवस वाढवलं होतं, रोज एक सेंटिमीटर. खरं रोप पाचव्या दिवशीच खिडकीत वाळून गेलं होतं. मी तिला शाळेत नेलं आणि सगळ्या वर्गादेखत कबूल करायला लावलं. नऊ वर्षांची पोर, हुंदके देऊन रडली. "जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही," मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

दवाखान्यात बाळांच्या लसींचा फ्रिज माझ्या ताब्यात असतो. सकाळ-संध्याकाळ आतलं तापमान बघायचं आणि दारावरच्या कार्डावर लिहून सही करायची. सुट्टीच्या दिवशी कोण कडमडतंय तिथे? शनिवार-रविवारचे आकडे शुक्रवारीच भरून ठेवायचे, ही आमची पंधरा वर्षांची रीत. चार अंश, पाच, पुन्हा चार. सगळे सारखे लिहिले तर वरच्यांना संशय येतो, ही अक्कल नव्या मुलींना मीच शिकवलेली.

त्या शुक्रवारी लेक शाळेतून थेट माझ्याकडे आली आणि खांद्यावरून कार्ड वाचू लागली.

"आई, रविवार अजून आलाच नाही ना?"

"मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी रविवार संध्याकाळचा चार मी लिहून टाकला.

शनिवारी सगळ्या भागाची वीज गेली. रविवारीही आली नाही.

"तुझ्या फ्रिजचं काय?" लेकीने विचारलं.

"उद्या जाऊन साहेबांना खरं सांगेन. तुझी शपथ."

सोमवारी फ्रिज उघडला तर आत सत्तावीस अंश. आठच्या वर गेलं की लस वाया जाते. बाहेर बाकांवर अठरा बाया बाळं घेऊन बसल्या होत्या. मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी येऊन फक्त कार्ड वाचलं.

"रविवार संध्याकाळी चार अंश. सही कुणाची, सिस्टर?"

"माझी."

"मग कागदोपत्री वीज आज सकाळीच गेली, लसी चांगल्या आहेत. लसी फेकल्या तर चौकशी लागेल. आधी तुमची नोकरी जाईल, मग माझी. घरात दुसरं कमावणारं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग बोलवा पहिल्या बाळाला."

मी बोलावलं. वाया गेलेल्या लसीने बाळाला काही होत नाही, पुढे रोग आला तर तो अडतही नाही. बाळं रडली, आया निर्धास्त होऊन घरी गेल्या. एकीने तर माझे हात हातात घेतले. मला स्वतःची किळस आली, पण अठराच्या अठरा झाली.

संध्याकाळी घरी पोचले तर लेक दारातच उभी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग सगळ्या फेकल्या?"

"हो."

तिने मला घट्ट मिठी मारली. मग खिडकीतली नवी कुंडी घेऊन आली, वाकून पट्टी लावली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आज काहीच वाढलं नाही. तेवढंच लिहिते," ती म्हणाली आणि वही माझ्यापुढे सरकवली. "बाईंनी सांगितलंय, घरातल्या खरं बोलणाऱ्या माणसाची सही आणायची."

मी सही केली.