पदराखालचे हात

आमच्या रक्षिताला ऐकू येत नाही हे कळलं, तेव्हा अव्वा, म्हणजे आमची कानडी आई, रडत बसली नाही. तिनं हातांनी बोलायला सुरुवात केली. हुपरीला आमच्या घरातच चांदीच्या पैंजणांचं काम चाले. गाल फुगवून फुंकणी मारल्यासारखं केलं की अप्पा. नाकातल्या चमकीवर बोट टेकवलं की अव्वा. मी थोरली, शांभवी, दंगेखोर म्हणून माझी खूण स्वतःचेच केस ओढणं. पाच वर्षांची रक्षिता दोन्ही हातांनी इतकी बडबडायची की अप्पा म्हणायचे, "हिला जरा गप बसीव की गं!"

१९९३ साली तिला कोल्हापूरच्या एका निवासी शाळेत घातलं. तिथल्या विमलाबाईंनी तिच्या छातीवर ऐकण्याचं मशीन अडकवलं आणि अव्वाला बजावलं, "हातांनी बोललात तर ही तोंडानं कधीच बोलणार नाही. घरीसुद्धा हात पदराखाली ठेवायचे. आणि कानडी बंद, फक्त मराठी."

अव्वा कधी शाळेत गेलेली नव्हती. शिकलेलं माणूस चुकेल हे तिच्या डोक्यातच यायचं नाही. विमलाबाईंचा राग मला तेव्हापासून आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत रक्षिता घरी आली ती तापानं फणफणूनच. अंथरुणातून तिनं ओंजळ तोंडाला लावून दाखवली. अव्वा समोरच बसली होती, एका हातात तांब्या, दुसरा हात पदराखाली.

"तोंडानं म्हण. पा-णी."

रक्षितानं पुन्हा ओंजळ दाखवली.

"पा-णी म्हण की गं, माझे बाई!" अव्वाच्या डोळ्यांना धार लागली होती, पण तांब्या काही पुढे येईना.

"अव्वा, दे की तिला!" मी ओरडले.

"तू गप. बाईंनी सांगितलंय. तिच्या भल्यासाठीच हाय."

शेवटी मीच तांब्या हिसकावून घेतला. तोवर रक्षितानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. ती प्यायली नाही.

त्यानंतर तिनं अव्वाकडे काही मागितलं नाही. भूक लागली की स्वतः डबे धुंडाळायची, दुखलं खुपलं की एकटी पडून राहायची. शाळेत हात हलले की बोटांवर पट्टी बसायची. गॅदरिंगला ती माईकवर "नमस्कार" म्हणाली, टाळ्या पडल्या, अव्वानं गल्लीत पेढे वाटले. असे मोजके शब्द तिच्या तोंडी बसले. तेवढ्यावर माणूस कुणाशी काय बोलणार, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांनीच सांगावं.

रक्षिता दहावीला गेली त्या वर्षी शाळेनं पालकसभा बोलावली. विमलाबाई आता मुख्याध्यापिका झाल्या होत्या. अवंतिका नावाच्या एक नव्या, तरुण बाई हसतमुखानं म्हणाल्या, "मुलांशी हातांनी बोला. तीच त्यांची भाषा आहे. आम्ही तुम्हालाही शिकवू."

अव्वा उभी राहिली. "विमलाबाई, हात पदराखाली ठेवा म्हणून तुमीच सांगितलासा की."

"ती जुनी पद्धत होती, नीलम्मा. आता धोरण बदललंय." एसटीची वेळ बदलल्याचं सांगावं तसं सांगून विमलाबाईंनी चहाचा कप उचलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अव्वा मात्र खाली बसली.

रक्षिता तिच्या शेजारीच होती. अव्वानं पदराखालचा हात बाहेर काढला. तिनं बोट चमकीवर टेकवलं. मग ओंजळ करून स्वतःच्या तोंडाला लावली आणि लेकीकडे बघत राहिली.

रक्षिता दचकली. आधी तिनं विमलाबाईंकडे पाहिलं. मग झटकन अव्वाचे दोन्ही हात खाली ओढले, पदराखाली सारले आणि वरून घट्ट दाबून धरले. अव्वाच्या तोंडाकडे बघत, लहान पोराला शिकवावं तसं, ती सावकाश म्हणाली, "पा-णी."