त्या गुरुवारी मी सुरू होत नव्हतो

मी कांगस यांच्या शेडमधला जुना, लहानखुरा ट्रॅक्टर बोलतोय. शेत नांगरणारा धिप्पाड गडी मी नव्हे. माझं बॉनेट माणसाच्या कमरेला लागतं. उन्हाळ्यात गवत कापायचं, बटाट्याचा वाफा उकरायचा आणि हिवाळ्यात घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करायची, एवढंच माझं काम. उन्हाळ्यातलं काम कुणीही करील. आमच्याकडे, या उत्तरेच्या थंड मुलखात, नोव्हेंबरात मोठ्या सरोवरावरून ढग येतात आणि बर्फ पडू लागतो, तो एप्रिलपर्यंत. खालच्या खिडक्या बुजून जातात. तेव्हा मी नसेन, तर घरातली माणसं घरातच.

माझा जन्म १९६७ सालचा. ओतीव लोखंडाचं एका सिलिंडरचं इंजिन, जाड पत्रा, आणि प्लॅस्टिक म्हणाल तर गिअरच्या दांड्यावरची मूठ तेवढी. मला वाइनो कांगस यांनी घेतलं. तांब्याच्या खाणीत, जमिनीच्या पोटात उमर घालवलेला माणूस. बोलणं अगदी मोजकं. पण थंडीत मला सुरू करण्याआधी तळहात इंजिनावर ठेवून थोडा वेळ उभे राहायचे. यंत्रालाही थंडी वाजते असं धरून चालावं, असं ते मुलाला सांगत.

तो मुलगा म्हणजे रूडी. वाइनो गेले आणि मी रूडीचा झालो. रूडी तीस वर्षं सरकारी बर्फगाडी चालवत होता. अख्ख्या तालुक्याचे रस्ते उघडून घरी यायचा आणि मग मला बाहेर काढायचा. दर ऑक्टोबरात माझं सगळं यथासांग व्हायचं. जाडं तेल काढून पातळ तेल, चाकांना साखळ्या, मागे वजनं, पुढे बर्फ फेकणारं यंत्र, आणि ओला बर्फ चिकटू नये म्हणून त्याच्या नळकांड्याला आतून मेण. पंख्याच्या झाकणाखाली उंदरांनी घरटं केलंय का, तेही तो दिवा घेऊन बघायचा.

बायकोला मात्र तो मला हात लावू देत नसे. इर्मा शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे मुलांचं जेवण एकहाती काढणारी बाई. पण रूडीच्या मते तिला माझा चोक कळणं शक्य नव्हतं.

मग रूडीची मूत्रपिंडं निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी अकरा वाजता पंचवीस मैलांवरच्या रुग्णालयात जाऊन रक्त धुऊन घ्यायचं. पहिला हिवाळा त्याने कसाबसा रेटला. वाट स्वतः काढायचा आणि मग गाडीत बसायचा. या शरद ऋतूत मात्र पायांनी दगा दिला. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर तो पडला आणि त्यानंतर दोन्ही हातांत बर्फावरच्या काठ्या घेतल्याशिवाय त्याला चालता येईना. पूर्वी गावातला एक जण पैसे घेऊन वाटा साफ करायचा, तो दक्षिणेकडे राहायला गेला होता. इर्मा म्हणाली, मला शिकव.

रूडी उपड्या बादलीवर बसला, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. इर्मा माझ्यापुढे उभी राहिली.

"चोक ओढ. अर्धा नाही, पूर्ण. घाबरतेस काय, तो चावत नाही."

"तो नाही चावत. तू चावतोस," इर्मा म्हणाली.

पण शिकली. बॅटरी रात्रीची स्वयंपाकघरात ठेवायला शिकली. पहाटे माझ्या पोटाखाली शंभर वॅटचा दिवा लावून वरून जुनी रजई घालायला शिकली. माझ्या कुशीवर दोन स्क्रूंचं एक झाकण आहे. त्याखाली दोन बारीक टिकल्या एकमेकींना लागतात आणि सुटतात, त्यातूनच ठिणगी पडते. त्यांना पॉइंट म्हणतात. त्यांच्यावर काजळी धरली की कोऱ्या कार्डाचा तुकडा मधून ओढायचा, हेही ती शिकली. नंतर नंतर रूडीला बादलीवर बसून करण्यासारखं काही उरलं नाही. तो घरात राहू लागला.

माझी अवस्था काय सांगू? पंचावन्न वर्षांच्या वर वय झालेलं. पिस्टनच्या कड्या झिजलेल्या, चढाला निळा धूर यायचा. सोमवारी संध्याकाळपासूनच मला धास्ती वाटू लागायची. उद्या मी सुरू झालो नाही तर? मधेच पट्टा तुटला तर? पूर्वी मी बंद पडलो तर वाइनो शिवी हासडायचे आणि दुपारी दुरुस्त करायचे. आता मी बंद पडणं म्हणजे रूडीच्या अंगात विष साठणं.

काम करताना स्वयंपाकघराची खिडकी समोर दिसायची. तिच्यात रूडीचा चेहरा. इर्मा बाहेर असेपर्यंत तो तिथून हलत नसे.

जानेवारीतल्या एका शनिवारी डाव्या चाकाची साखळी निसटली. इर्मा बर्फात गुडघे टेकून बसली. हातमोज्यांनी कडी अडकेना, म्हणून तिने ते काढले. अर्धा तास लागला. उठू लागली तेव्हा तिच्या बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती आणि पहिल्या झटक्यात तिला उठताच आलं नाही. माझ्या बॉनेटला धरून ती उठली. खिडकीत रूडी उभा होता.

पुढच्या मंगळवारी वादळाने मोठा रस्ताच बंद केला. रुग्णालयाची ती पाळी चुकली. फोनवर तिथल्या नर्सने बजावलं की गुरुवार काही झालं तरी चुकवू नका. हे मला इर्माच्या पुटपुटण्यातून कळलं. रूडीचे घोटे सुजले होते, रात्री त्याला आडवं पडलं की धाप लागत होती.

बुधवारी इर्मा पोस्टात गेली आणि रूडी शेडमध्ये आला. घरापासून चाळीस पावलं, पण त्याला पंधरा मिनिटं लागली असतील. मला आनंद झाला. म्हटलं, मालक तपासायला आलाय. त्याने बॉनेटवर हात ठेवला, मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या कुशीवरचं झाकण उघडलं. दुसऱ्या खिशातून औषधाचं रिकामं खोकं काढलं, त्याचा कोपरा फाडला, दोन्ही टिकल्यांच्या मधे सरकवला आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"माफ कर, म्हाताऱ्या," तो मला म्हणाला. बादलीवर बसला, श्वास जागेवर येईपर्यंत थांबला आणि गेला.

तो असं का करतोय, ते मला कळलं नाही. एवढंच कळलं की आता माझ्यात ठिणगी पडणार नाही.

गुरुवारी सकाळी वाटेवर मांडीएवढा बर्फ होता. पारा शून्याखाली अठरा. इर्माने दिवा काढला, रजई काढली, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. मी घरघरलो आणि थांबलो. तिने पुन्हा फिरवली. पेट्रोल बघितलं, ते होतं. प्लग काढला, तो ओला होता. पुसला, मग नवाच लावला. पुन्हा किल्ली. बॅटरीचा आवाज दर वेळी खाली खाली जात होता. साडेआठ वाजले. नऊ वाजले. सरकारी गाडी मोठ्या रस्त्यापुरतीच येते. रुग्णवाहिकेलाही आमच्या वाटेवर शिरता आलं नसतं.

माणसाला घसा असतो, ओरडता येतं. मला ते नाही. तिचा हात माझ्या कुशीपासून वीतभर अंतरावर होता आणि ती पुन्हा पुन्हा पेट्रोलच्या नळीकडेच बघत होती.

शेवटी ती थांबली. रूडीने शिकवलेलं क्रमाने मोठ्याने म्हणू लागली, पाठ म्हणावा तसं. पेट्रोल, हवा, ठिणगी. ठिणगीपाशी अडखळली. प्लग काढून लोखंडाला टेकवला, किल्ली फिरवली. ठिणगी नाही. मग तिने झाकणाचे दोन स्क्रू काढले.

कागदाचा तो तुकडा तिने दाराशी, उजेडात नेऊन पाहिला. आदल्या वेळी आपलाच राहिला असेल, असं तिला क्षणभर वाटलं असावं. पण त्याच्यावर औषधाचं अर्धं नाव छापलेलं होतं आणि ती औषधं ती रोज स्वतः डबीत भरत होती. तिने तुकडा खिशात टाकला. झाकण लावलं. किल्ली फिरवली. उरल्यासुरल्या बॅटरीवर मी दुसऱ्या वळणाला पेटलो.

माझा आवाज घरात गेला असणार. इर्मा तिथेच उभी होती. थोड्या वेळाने दारात रूडी आला, दोन काठ्यांवर, टोपी न घालता.

"किती दिवस बंद ठेवणार होतास?" इर्माने विचारलं.

"आजचा दिवस. मग पुढचं पुढे."

"मरायचंय तुला?"

"नाही." तो धापा टाकत होता. "मला त्या खिडकीतून बघवत नाही, इर्मा. तीस वर्षं साऱ्या तालुक्याची वाट मी काढली. आणि आता माझ्यासाठी तू बर्फात गुडघ्यांवर बसतेस. उद्या तू पडलीस तर मी तिथून बघत बसणार. उठवायलासुद्धा मला येता येणार नाही."

"मग हे मला सांगायचं."

"सांगितलं. दोनदा. तू म्हणालीस, गप्प बस आणि कॉफी पी."

 ते खरं होतं. त्यातलं एकदा तर इर्माने या शेडमध्येच म्हटलं होतं.

"आज चल," ती म्हणाली. "आज भांडायला वेळ नाही. घरी आल्यावर काय ते बोलू, आणि या वेळी मी ऐकेन. पण पुन्हा काही असलं तर मला सांग. त्याला मधे घालू नकोस."

त्याला म्हणजे मला.

मग आम्ही निघालो. दीडशे पावलांची वाट. इर्मा माझ्या अंगावरून खाली वाकून पुढचं बघत होती. बर्फ उडून तिच्याच तोंडावर येत होता. खिडकीत त्या दिवशी कुणी नव्हतं. रूडी गाडीत जाऊन बसला होता, इंजिन चालू करून. अर्धी वाट बरी गेली. शेवटी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी सरकारी गाडीने सारून टाकलेला ढीग होता, गोठून दगड झालेला. एकेकाळी असले ढीग लोकांच्या दारात रूडीनेच घातलेले. तिथे माझा पट्टा घसरू लागला. जळका वास सुटला. मी मागे आलो, पुन्हा गेलो. इर्मा घाई करत नव्हती, थोडं थोडं कुरतडत होती, अगदी त्याने शिकवलं तसं. मला मात्र आतल्या आत वाटत होतं की आता, या घासाला मी थांबणार.

थांबलो नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी ढीग फुटला. मला शेडमध्ये ठेवायलाही तिला वेळ नव्हता. रस्त्याच्या कडेलाच बंद करून ती गाडीकडे धावली. जाताना गाडीच्या काचेतून रूडीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दुपारभर मी तिथे उभा होतो. चार वाजता गाडी परत आली, तिच्यात दोन डोकी दिसली, तेव्हा कुठे मला निवांत वाटलं.

ते काय बोलले ते मला शुक्रवारी कळलं. रुग्णालयासमोरच्या इमारतीत दोन खोल्या रिकाम्या होत्या. मे महिन्यापर्यंत तिथे राहायचं ठरलं. ही गोष्ट नर्सने ऑक्टोबरातच सुचवली होती. पण भर हिवाळ्यात घर सोडणं म्हणजे हार, असं इर्माला वाटायचं. रूडी ट्रॅक्टर बंद पाडेल, पण आपल्याशी वाद घालणार नाही, इतके आपण हट्टी आहोत का, असं ती माझ्या साखळ्या काढता काढता म्हणाली. रूडी बादलीवर बसला होता. म्हणाला, आहोत. दोघंही.

मला बंद करून ठेवायचं सगळं काम तिनेच केलं. पेट्रोल संपेपर्यंत मला चालू ठेवलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं, हाताने इंजिन दोनदा फिरवलं. चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली. धुराड्याच्या तोंडात उंदरांसाठी तारेचा बोळा कोंबला. रूडीने एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी तिनेच विचारलं, काही राहिलं का? तो म्हणाला, काही नाही.

ते गेले त्याला सात आठवडे झाले. पहिल्याच रात्री माझी वाट बुजली. ज्या वाटेवर इतक्या वर्षांत मी एक आठवडाही बर्फ साचू दिला नव्हता, ती आता कुठे होती हेदेखील दारातून कळणार नाही. पंधरा दिवसांनी एका रविवारी इर्मा बर्फावरचे जोडे बांधून चालत आली, छपरावरचा बर्फ लांब दांड्याने ओढला, माझ्यावर एक नजर टाकली. रूडी बरा आहे, खिडकीत बसतो आणि रस्त्यावरच्या बर्फगाडीवाल्याला नावं ठेवतो, असं मला सांगून गेली. त्यानंतर कुणी आलेलं नाही.

आता मार्च आहे. दुपारी छपराचं लाकूड कुरकुरतं. उंदरांनी बोळा कुरतडायला घेतलाय, तो आवाज मला आतून ऐकू येतो. फार दिवस न फिरलेला पिस्टन कधीकधी गंजून जागीच अडकून बसतो. माझ्या वयाला ते व्हायला वेळ लागत नाही. रोज वाटतं की आज तो अडकला असेल.

माझं मागणं एकच आहे. मे महिन्यात या. बॅटरी जोडा, ताजं पेट्रोल घाला, किल्ली फिरवा. मी सुरू झालो तर गवत कापेन. झालो नाही तर मला इथेच राहू द्या आणि मनाला लावून घेऊ नका. पण येताना दोघं या.