दरीच्या बाजूचा दिवा

बटण दाबलं, तर दोन्ही दिवे निखाऱ्यासारखे लालसर झाले आणि तेवढ्यावरच राहिले. रुमेनाने मोटारसायकलच्या पुढे हात धरून पाहिला. हातावर उजेड म्हणून काही पडला नाही.

"मरीयेच्या तसबिरीपुढं ठेवायला बरे आहेत," मिन्कोकाका दारातून म्हणाले. पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. "कुठून आणलेस?"

"भंगारातल्या ट्रॅक्टरचे. दोन रविवार हिंडले त्यासाठी."

"ट्रॅक्टर बारा व्होल्टचा, तुझी ही म्हातारी गाडी सहाची. अर्ध्या पोटी ते काय उजेड पाडणार?"

रुमेना पायरीवर बसली. सव्वीस वर्षं ती या डोंगरातली परिचारिका होती. थंडीत वरच्या गावाहून परतताना अंधार पडतो, धुकं उतरतं. तिच्या गाडीचा मिणमिणता दिवा बघून जिल्ह्याच्या साहेबांनी बजावलं होतं, संत आंद्रेईच्या दिवसापर्यंत आणखी दोन दिवे बसवा, नाहीतर फेरी बंद. वरच्यांनी शहरात राहायला यावं. वर नऊ म्हातारी माणसं होती. आणि संत आंद्रेईचा दिवस आजच होता.

"काका, सहाचे बल्ब कुठं मिळतील?"

"आधी अस्वलाचं, मग तुझं."

ते आत गेले. उकडलेल्या मक्याची पहिली मूठ त्यांनी धुराड्यात वर उधळली, छातीवर क्रूस केला. संत आंद्रेईच्या दिवशी अस्वलाचा वाटा दिला की ते वर्षभर गोठ्याकडे फिरकत नाही. मग वाटीभर मका तिच्या हातात देऊन ते कोपऱ्यातल्या चादरीपाशी गेले. चादरीखाली त्यांची स्वतःची मोटारसायकल होती, तीही सहा व्होल्टचीच. गुडघा गेल्यापासून सहा वर्षं तिच्यावर बसले नव्हते, पण दर शनिवारी पुसत. ते तिच्या दिव्याचे स्क्रू काढू लागले.

"तुमच्या गाडीचा नको, काका."

"मग काय तिला अंधाराची भीती वाटणार आहे? मका खा, गार होतोय."

बल्ब एकच निघाला. "दोन असते तरी लावले नसते," ते म्हणाले. "चढावर इंजिन मंदावलं की तुझी बॅटरी बसेल. उतरताना दरी उजवीकडे, तिकडेच लाव."

त्यांनी बॅटरीपासून वेगळी वायर ओढली, मध्ये फ्यूज घातला, दिव्याचं तोंड थोडं खाली वळवलं. बटण दाबताच समोरच्या भिंतीतले खिळे मोजता आले.

रुमेनाने साहेबांना फोन लावला.

"दोन म्हणालो होतो मी."

"दरी एकाच बाजूला आहे, साहेब."

"हा हिवाळा बघू," ते म्हणाले.

चारच्या सुमारास धुक्यातून वाट काढत ती वर पोचली. झ्लाताआजी अंगावर कोट घालून खाटेवर बसली होती. पायाशी गाठोडं होतं.

"तू आज निरोप घ्यायला आलीस ना? मुलगा उद्या न्यायला येतोय. शहरात पाचव्या मजल्यावर राहतात ते."

"इंजेक्शन द्यायला आलेय. उद्याही येईन, आजी. हिवाळाभर."

आजीने कोट उतरवला, डावी बाही वर केली. सुई निघाल्यावर ती वाकली आणि गाठोड्याची गाठ सोडवू लागली. गाठ घट्ट बसली होती. रुमेना मदतीला पुढे झाली.

"राहू दे," आजी म्हणाली. "मला सुटेल."