डिस्क पुसायची का?

माझ्या सासऱ्यांच्या, अप्पच्चनच्या, कॉम्प्युटरला व्हायरस लागला तो घराण्याच्या मोठेपणापायी. 'तुमच्या कुळाचं राजचिन्ह मोफत शोधा' असं कुठेतरी झळकलं आणि अप्पच्चननी चष्मा पुसून त्यावर बोट ठेवलं. राजचिन्ह काही मिळालं नाही. त्या दिवसापासून पडद्यावर जुगाराच्या आणि तोकड्या कपड्यांतल्या बायांच्या जाहिराती उगवायला लागल्या, तेही ऐन संध्याकाळच्या प्रार्थनेला. सगळ्यांत आधी हसले ती मीच.

अकरा वर्षं अप्पच्चन त्या यंत्रावर कल्लुपरंबिल घराण्याचा इतिहास लिहीत होते. आमच्या केरळातल्या पाला गावाकडे प्रत्येक जुन्या ख्रिस्ती घराचं असं पुस्तक असतं: पहिल्या पानावर संत थोमानं बाप्तिस्मा दिलेला ब्राह्मण, शेवटच्या पानावर परदेशातल्या नर्सा. जानेवारीत कुटुंबाच्या मेळाव्यात बिशपांच्या हस्ते प्रकाशन ठरलं होतं. प्रत एकच, त्या डिस्कवर. छापून ठेवली तर चुलतभाऊ चाको ढापेल आणि पेनड्राइव्हनं रोग पसरतो, अशी त्यांची खात्री.

मी त्यांची धाकटी सून, बिन्सी. सरकारी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माझे वडील याच घराच्या रबराच्या झाडांचा चीक काढायला बावीस वर्षं येत होते. आमचा बाप्तिस्मा आजोबांच्या वेळचा, म्हणून आम्ही 'नवे ख्रिस्ती'. आमचं चर्च वेगळं, स्मशानसुद्धा वेगळं. साजूनं माझ्याशी लग्न केलं तेव्हा अप्पच्चन तीन दिवस जेवले नाहीत. पुढची चौदा वर्षं माझ्या हातचं मासळीचं कालवण चाटूनपुसून खाल्लं, पण नावानं हाक म्हणून मारली नाही.

"काय टीचर," ते म्हणाले, "पोरांना शिकवतेस ना? मग हाकल ही भुतं."

"अप्पच्चन, ही सिस्टिम गेली आता कामातून. आमच्या शाळेतली टाकू या, लिनक्स. तिला असले रोग सहसा लागत नाहीत."

"फुकट मिळते?"

"हो."

"तरीच! सरकारी शाळेतलं फुकटचं खाऊन वाढलीस, तुला गोडच लागणार. आधी माझं पुस्तक बाजूला काढ, मग घाल काय ती भीक यंत्रात."

मी शाळेची डीव्हीडी घातली आणि यंत्र तिच्यावरून चालू केलं. पुस्तकाची फाइल उघडली. पानभर वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. मल्याळमचं एक अक्षर नाही.

अप्पच्चननी मागून खुर्चीची पाठ घट्ट धरली. "देवा! खाल्लं? सगळं खाल्लं त्यानं?"

मला कारण लगेच कळलं होतं. त्यांनी टाइप केलं होतं ते जुन्या काळच्या मल्याळम फाँटमध्ये. तो फाँट नसला की सगळा मजकूर असा किड्यामुंग्यांसारखा दिसतो, व्हायरसचा त्यात काही संबंध नसतो. मी सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बाहेर थेंब पडायला लागले आणि अंगणात वाळत घातलेले रबराचे शीट भिजतील म्हणून ते गड्याच्या नावानं ओरडत धावले.

मी त्यांच्याच डिस्कवरचा फाँट उचलून बसवला. अक्षरं ताळ्यावर आली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग साजूचं पान शोधलं. आपलं नाव छापील पानावर कसं दिसतं ते बघायचा मोह कुणाला नसतो?

'साजू, कनिष्ठ पुत्र. मस्कत येथे नोकरी. अविवाहित.'

आनी तेव्हा स्वयंपाकघरात त्यांच्यासाठीच कॉफी करत होती. बारा वर्षांची माझी पोर. आजोबांच्या पुस्तकात ती जन्मलीच नव्हती.

मी फाँट काढून टाकला.

अप्पच्चन भिजून आत आले. "काही उरलंय का?"

"काही नाही."

"नीट बघ गं मुली."

चौदा वर्षांत पहिल्यांदा मुलगी झाले मी. अडला हरी, दुसरं काय!

"सगळं सडलंय, अप्पच्चन. ठेवलं तर नव्या सिस्टिमलाही लागेल."

वर्गात धडा वाचावा तसं ते खोटं माझ्या तोंडून सरळ निघालं. पडद्यावर प्रश्न आला: डिस्क पूर्ण पुसायची का? मी माऊस त्यांच्याकडे सरकवला. "तुमचं आहे, तुम्हीच दाबा."

त्यांनी चष्मा पुसला. दाबलं. निळी पट्टी सरकत राहिली आणि ती संपेपर्यंत ते प्रेताशेजारी बसावं तसे बसून होते.

पुढच्या आठवड्यापासून ते आठवून सांगायला लागले आणि मी नव्या सिस्टिमवर टाइप करायला. नावं निसटत होती. पणजोबांच्या भावांत दर वेळी एक कमी भरायचा आणि ते रडायचे. मी टाइप करत राहायचे. एक दिवस साजूपाशी पोचलो.

"साजू," ते म्हणाले आणि थांबले. "पत्नी बिन्सी. मुलगी आनी." मग माझ्याकडे न बघता, "तुझ्या वडिलांचं नाव काय गं? लिहायला हवं."

बावीस वर्षं त्यांच्या झाडांखाली वाकलेला माणूस, आणि नाव ठाऊक नाही! तरी ते नाव टाइप करायला माझी बोटं निघाली होती. मागे घेतली मी.

"कशाला, अप्पच्चन? आधीचंच ठेवू या की."

"आधी काय होतं?"

"अविवाहित."

त्यांनी सावकाश मान वळवली. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे... तुला वाचता येत होतं?"

"अक्षर न् अक्षर. म्हणून तर बटण तुम्हाला दाबायला लावलं." मी बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली. "वडिलांचं नाव पत्रोस. लिहू ना?"